लेकीसाठी बोर्डिंग बघताना

बोर्डिंगात राहिलेल्या बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. चूक! राहते, आणि साठतेही. फडताळात जुनी लुगडी कोंबावीत तशा त्या आत पडून असतात. एक ओढायला जावं तर मागून दहा बाहेर येतात आणि मग दार काही केल्या लागत नाही. माझ्या बोर्डिंगच्या गोष्टींना माझी लेक सुमी पार कंटाळली होती. पण लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी ती मॅट्रिक झाली आणि तिच्यासाठी बोर्डिंग बघत आम्ही दोघी सातारा-सांगली फिरलो. तेव्हा त्या फडताळात आणखी भर पडली. आता ऐकाच!

आमचं बोर्डिंग म्हणजे शिकणाऱ्या मुलींची राहायची जागा. ताईसाहेब नावाच्या एका करारी बाईंनी ते साताऱ्यात काढलं. पुढं वाईला एक आणि सांगलीला एक अशी आणखी दोन झाली. आम्ही त्यांना शाखा वगैरे म्हणत नसू. घर म्हणायचो. सातारचं घर, वाईचं घर, सांगलीचं घर. तिन्ही घरांत घंटेच्या वेळा एक, प्रार्थना एक आणि गुरुवारची आमटीही सारखीच पातळ!

* * *

सुमीला पुढं शिकवा, असं आमच्या सुभेदारांचं, म्हणजे तिच्या बाबांचं, पलटणीतून पत्र आलं. लढाई थांबली तरी त्यांची सुटका अजून झाली नव्हती. कराडजवळच्या आमच्या घरात तेव्हा शब्द चालायचा तो माझ्या सासूबाईंचा. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. मी भीत भीत पत्र वाचून दाखवलं.

आत्याबाई शेंगा फोडत होत्या. चार शेंगा फोडून झाल्यावर म्हणाल्या, "शिकू दे की. माझी कुठं ना हाय? पर ऱ्हाणार कुठं, खाणार काय, ते तू डोळ्यांनी बघून ये."

मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्या मैत्रिणीच तिथं मुख्य आहेत. पत्र टाकलं की काम होईल."

"पत्र? पोरगी काय टपालानं धाडायची चीज हाय व्हय?"

झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

* * *

साताऱ्याला कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हापासून मोटारीच्या मागं शेगडीचं भलं मोठं पिंप बसवलेलं. तिनं आम्हाला काजळी फासून सातारला उतरवलं. तशाच तोंडानं आम्ही बोर्डिंगच्या दारात उभ्या राहिलो.

आतून दुर्गा आली. दुर्गा वाईची. बालविधवा म्हणून तिच्या वडिलांनी तिला शिकायला ठेवलेलं, ती शिकून याच सातारच्या घराची मुख्य झाली. आता सगळ्यांची दुर्गाबाई. डोळ्यांवर चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा, चालणं असं की मुली भिंतीला चिकटून उभ्या राहत होत्या. मी मनात म्हटलं, वीस वर्षं झाली, ही काही आपल्याला ओळखणार नाही.

तिनं चष्मा वर केला आणि अंगणभर ओरडली, "हवालदार!"

माझे वडील पेन्शनीतले हवालदार. त्यावरून बोर्डिंगात माझं हेच नाव पडलेलं. खरं नाव चंद्रा कुणाच्या लक्षातही नव्हतं. सुमी थक्क! माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, बाबा सुभेदार आणि तू हवालदार? मग घरी तू त्यांना हुकूम कशी सोडतेस?"

दुर्गानं सुमीला नियमांचा तक्ता दाखवला. पहिला नियम, दुसरा नियम, सगळं गंभीर. नववा नियम होता : 'शेजारील बागेतील पेरू भिंतीवर चढून तोडू नयेत.'

मला हसू आवरेना. कारण ती भिंत सगळ्यात आधी कोण चढली होती? दुर्गाबाई! मी खालून ओचा धरून उभी असायची.

"बाई," सुमीनं साळसूदपणे विचारलं, "हा नियम कुणी केला?"

"मी."

"तुम्ही?"

"मग?" दुर्गा जराही न हसता म्हणाली. "मोडून बघितल्याशिवाय नियम लिहिता येतो का?"

* * *

स्वयंपाकघरात काशीबाई अजून होत्या. आमच्या वेळेपासून भाकऱ्या थापणाऱ्या. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. चुलीपाशी दुसरी बाई होती, पण काशीबाई पाटावर बसून हातानं चाचपत प्रत्येक ताट विसळायला घ्यायच्या.

मी पाया पडले. "काशीबाई, मी चंद्रा."

"कोन चंद्रा? लय चंद्रा येऊन गेल्या बाई हितं."

"हवालदार म्हणायचे मला."

"असशील बाई." त्यांना काही आठवेना. मला उगीच वाईट वाटलं. मी जेवायला बसले. जेवणं झाली, काशीबाई ताटं गोळा करू लागल्या. माझं ताट हातात घेतलं, बोटं फिरवली आणि एकदम थांबल्या. ताटात भाकरीच्या कडा होत्या. मला लहानपणापासून भाकरीची कड गिळवत नाही.

"आगं बया!" काशीबाईंनी ताट छातीशी धरलं. "ही तर हवालदाराची पोर! आगं, किती वर्सं कुठं व्हतीस गं तू?"

आणि माझ्या तोंडावरनं दोन्ही हात फिरवत त्या रडू लागल्या. मीही रडले. सुमी तेवढी रडली नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घरी मला ताटात शीत ठेवू देत नाहीस आणि स्वतः?"

* * *

दुर्गाच्या खोलीत भिंतीवर दरवर्षीच्या शेवटच्या वर्गाचे फोटो होते. सुमीनं आमचं वर्ष शोधून काढलं. दुर्गा सापडली, सांगलीची सिंधू सापडली.

"आई, तू कुठं आहेस?"

मी पुढं झालेच नाही. त्या फोटोत मी नाही हे मला ठाऊक होतं. पण फोटो मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा सुमीला पहिल्यांदा सांगितलं. शेवटच्या परीक्षेला दोन महिने राहिले होते. माझे चुलते तांगा घेऊन दारात आले. "आई आजारी आहे," म्हणाले. ताईसाहेबांनी लगेच सोडलं. वाटेत मी सारखी देवाला विनवत होते. घरी पोचले तर आई ठणठणीत आणि दारात मांडव! नवरा मुलगा पलटणीतून दहा दिवसांच्या रजेवर आला होता आणि मुलाच्या आईचा निरोप होता : "लिवणंवाचणं लय झालं. आत्ता द्येत असला तर पोरगी द्या."

तो मुलगा म्हणजे सुमीचे बाबा आणि त्याची आई म्हणजे आमच्या आत्याबाई. माणूस सोन्यासारखा निघाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझी वह्यापुस्तकं बोर्डिंगातच राहिली ती राहिलीच.

दुर्गा उठली आणि फोटोवर बोट ठेवलं. मधल्या रांगेत ती आणि सिंधू यांच्यामध्ये हातभर जागा मोकळी होती.

"फोटोग्राफर काळ्या कापडातून सारखा डोकं बाहेर काढत होता," ती म्हणाली. "जवळ सरका, जवळ सरका म्हणून घसा बसला बिचाऱ्याचा. आम्ही सरकलो नाही."

* * *

माझा विचार होता सुमीला साताऱ्यातच ठेवावं. दोन वर्षं ट्रेनिंग, लगेच मास्तरीण, घरापासून जवळ. दुर्गानं संध्याकाळी सुमीला बीजगणिताचं एक पुस्तक दिलं आणि आम्ही दोघी गप्पा मारत बसलो. तासाभरानं बघतो तो पोरगी अंगणातल्या पायरीवर, आणि कागद संपला म्हणून फरशीवर कोळशानं गणितं मांडलेली!

दुर्गा मला म्हणाली, "हवालदार, हिला मी माझ्याकडं ठेवणार नाही."

मी घाबरले. "फरशी पुसून देईल गं ती!"

"फरशीचं राहू दे. हिला कॉलेजात घाल. सांगलीला ने, सिंधूकडं."

* * *

कराडहून आगगाडीनं सांगलीला निघालो. गाडीला ही गर्दी! पलटणीतले रजेवरचे जवान, त्यांच्या ट्रंका. आम्ही शिरलो त्या डब्यात एक बाई मूल घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी तिचे यजमान उरलेला बाक व्यापून झोपले होते. मी म्हटलं, "अहो बाई, जरा त्यांना सरकायला सांगा की."

"जागा नाही," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आम्ही उभ्याच. थोड्या वेळानं सुमी आपल्या नादात गुणगुणू लागली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ऐकलेली बोर्डिंगची प्रार्थना तिच्या ओठांवर बसली होती. दुसऱ्या ओळीला ती अडली, तर खिडकीतल्या बाईनं ओळ पुरी केली!

"कुठलं घर?" तिनं मला विचारलं.

"सातारचं. तुमचं?"

"वाईचं!"

झालं! बाईनं नवऱ्याच्या खांद्याला धरून हलवलं. "अहो, उठा! उठा आधी!" तो बापडा डोळे चोळत उठला, ते मिरजेला गाडी बदलेपर्यंत दाराशी उभा. मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "बसू द्या हो त्यांनाही."

"राहू द्या उभे," ती म्हणाली, "ते कुठल्याच घरचे नाहीत!"

* * *

सांगलीच्या घराची मुख्य सिंधू. आमच्यात सगळ्यात रडकी. आली तेव्हा तिनं आठ दिवस असा सूर लावला होता की शेजारचे लोक विचारायला येत. तीच सिंधू आता बी. ए. झालेली, चाळीस मुलींची बाई. ती आम्हाला घर दाखवत होती, तेवढ्यात जिन्याखाली हुंदका ऐकू आला. माणदेशाकडची एक नवी मुलगी पेटीवर बसून रडत होती. वडील मुंबईला गिरणीत, आई गावी मेंढरांमागं. पोरीनं घर कधी सोडलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता सिंधू समजूत घालणार. तिनं फक्त घड्याळ बघितलं.

"किती वाजले, रखमा?"

"साडेतीन," मुलगी हुंदका गिळत म्हणाली.

"मग? रडायची वेळ चार ते पाच. आता हातपाय धू."

मुलगी उठून गेली. मी म्हटलं, "सिंधे, काळीज आहे की दगड?"

"ताईसाहेबांनी मला हीच वेळ लावून दिली होती. तुम्हाला सांगितलं नाही कधी, लाज वाटायची."

चार वाजता मी मुद्दाम जिन्याकडं गेले. रखमा पेटीवर बसून मनसोक्त रडत होती. आणि शेजारी चाळीस मुलींची बाई, तिचा हात हातात धरून, एक अक्षर न बोलता बसली होती. पाचची घंटा झाली, दोघी उठल्या आणि चहा प्यायला गेल्या.

सुमी हे बघत होती. मला म्हणाली, "आई, मी इथं राहीन."

* * *

जूनमध्ये सुमीला पोचवायला आत्याबाईही निघाल्या. "तू बघून आलीस ते तुझ्या डोळ्यांनी. माझ्या डोळ्यांचं काय?" सांगलीला त्यांनी विहीर बघितली, कोठीतली ज्वारी मुठीत घेऊन बघितली, खिडक्यांचे गज हलवून बघितले. मग सिंधूच्या टेबलासमोर खुर्ची होती तरी खाली जमिनीवर बसल्या.

सिंधूनं मोठं रजिस्टर उघडलं. सुमीचं नाव, गाव, वडिलांचा हुद्दा, सगळं लिहून झालं. शेवटचा रकाना वाचत ती म्हणाली, "मुलीला मधेच घरी न्यायला कोण कोण येऊ शकेल? वडील, चुलते, मामा, जी नावं सांगाल ती लिहिते. दुसऱ्या कुणाबरोबर आम्ही सोडत नाही."

ती खाली बघून विचारत होती. मला दिसत होतं, तिच्या टाकाचं टोक कागदावर टेकत नव्हतं.

मी म्हटलं, "एकच नाव लिही. माझं."

"बरं."

"थांब, पुढं लिही. मी स्वतः आले, घरी कुणी आजारी आहे म्हणून सांगितलं, तरी आधी सुमीला विचारायचं. ती हो म्हणाली तरच सोडायची."

सिंधूनं शब्दन् शब्द लिहिला. रकान्यात मावेना तेव्हा समासात लिहिला. टीपकागद दाबला आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. मी सही केली. सुमी माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही.

मग आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. टेबलापाशी आल्या. पदरानं उजव्या हाताचा अंगठा पुसला.

"आवं बाई," त्या सिंधूला म्हणाल्या, "शाई हाय न्हवं? माझा बी अंगठा घ्या त्येच्यावर."