टूट्सीसाठी प्लास्टिकची हिरवळ

"कुत्रीला लघवी व्हावी म्हणून अंगणात प्लास्टिक पसरणारा जगात तू एकटाच!" व्हर्ना नवऱ्यावर ओरडत होती.

"मग काय करू? खऱ्या गवताला पाणी घालायची बंदी, आणि खडीवर ती बसत नाही!" वेंडेलचा आवाज तिच्या वरताण.

कुंपणापलीकडे शेजारच्या डोरीननं तेवढ्या वेळात निवडुंगाची एकच कुंडी तीनदा पुसली.

नेवाडाच्या वाळवंटातली वस्ती ती. सगळ्यांनी मुकाट्यानं गवत उपटून खडी टाकली होती. पण टूट्सी चौदा वर्षांची, आंधळी, जन्मभर गवतावर बसलेली. आता दिवसदिवस तुंबून राही. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

माणसं आली, हिरवा गालिचा अंथरला, कडेनं खिळे ठोकून गेली. टूट्सीनं एकदा हुंगलं आणि पाठ फिरवली.

वेंडेल हटला नाही. शनिवारी सकाळी सातला, चाळीस वर्षांच्या शिरस्त्यानं, टोपी घालून त्यानं गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. पातं पार वर उचललं आणि धडधडत प्लास्टिकवरून फिरवलं. मग बंदीतून सुटलेल्या गोल्फच्या मैदानावरून पिशवीभर कापलेलं खरं गवत आणून पसरलं, वर झारीनं पाणी शिंपडलं. टूट्सी आली, गोल फिरली आणि बसली! खिडकीतून व्हर्नानं चक्क टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या शनिवारी पाणीखात्याची बाई दंडाची वही घेऊन दारात. कुणीतरी कळवलं होतं. डोरीन त्या दिवशी घराबाहेर पडलीच नाही.

"चोरून गवत वाढवताय?"

"प्लास्टिक आहे बाई. ओढून बघा."

बाईनं वाकून ओढलं. "अगंबाई! मग कापताय कशाला?"

"हळू बोला हो," वेंडेल कुजबुजला. "तिला माहीत नाही."

बाईनं टूट्सीकडे पाहिलं. वही मिटली. "प्लास्टिकला पाणी घालू नये असं नियमात कुठं नाही," तीही कुजबुजली आणि चवड्यांवर चालत गेली.

पुढं दोन वर्षं टूट्सीला वेळेवर लघवी होत राहिली. वेंडेल एका सोमवारी झोपेतच गेला. त्याच्या आदल्या शनिवारीही त्यानं सातला टोपी घातली, प्लास्टिक कापलं, पिशवी आणून गवत पसरलं, शिंपडलं. टूट्सी बसून उठेपर्यंत दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मग यंत्राची टाकी हलवून पाहिली आणि पुढच्या शनिवारसाठी पेट्रोल आणायला डबा घेऊन निघाला.