मामाची वाकडी दुर्बीण

सुक्या बोंबलांचा वास आला, की मला कळंबच्या मामाची छऱ्याची बंदूक आठवते. कॉलेजच्या सुट्टीत तिथे गेलो होतो. अंगणात बांबूंवर बोंबील सुकत होते, कावळे टपलेले असायचे, आणि मामा बंदुकीवरच्या दुर्बिणीतून नेम धरून छर्रा सोडायचा. तो दरवेळी हातभर डावीकडे झावळ्यांत खडखडायचा आणि कावळे उडून जायचे. मला मामाची कीव आली. दुपारी तो झोपल्यावर मी पुठ्ठ्यावर काळा ठिपका काढला, आणि छर्रा त्यात बसेपर्यंत दुर्बिणीचा स्क्रू थोडाथोडा फिरवत राहिलो. संध्याकाळी मामाने नेहमीसारखा नेम धरला आणि कावळा बोंबलांवरच कोसळला. मामा बंदूक मांडीवर घेऊन खाली बसला. "कोनी सरळ केली रे? मी मुद्दाम वाकडी ठेवली होती." मामीने मात्र तो कावळा पायाला दोरी बांधून बांबूला टांगला, मग बाकीचे फिरकलेच नाहीत. निघताना तिने पिशवीभर बोंबील माझ्या हातात दिले. "घेऊन जा, तुझ्यामुलंच वाचले," म्हणाली. बोंबील अजूनही माझ्या घशाखाली उतरत नाहीत.