वाळवंटात खोड काढणारे शेजारी

आमचे इंदूरचे शेजारी दर ऋतूत राजस्थानातल्या त्याच वाळवंटी उद्यानात जातात आणि तक्रार घेऊन परततात. उन्हाळ्यात, "गरमी फार आहे, भिया." पावसाळ्यात, "सगळी हिरवळ. रेगिस्तान कुठंय?" यंदा हिवाळ्यात मीही बरोबर गेलो. झुडपाजवळ एक कोल्हा उन्हात अंग सैल सोडून पडला होता.

"व्हिडिओत हलायला तर पाहिजे ना," म्हणत त्यांनी खडा मारला. कोल्ह्यानं नुसता कान हलवला. ते मोठा दगड उचलू लागले, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. तेवढ्यात कोल्हा उठला आणि सावकाश निघून गेला.

 परतीच्या गाडीत ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हाला नेचरचा शौकच नाही."