खळ्याचं वळण

ह्यांना बैल आणायला पाठवलं होतं आणि हे जीप घेऊन आले. आमच्या घरातल्या भांडणाची सुरुवात ही अशी झाली.

स्वराज्य यायच्या आधीचा हिवाळा होता. आमच्या जोडीतला एक बैल पावसाळ्यात मेला होता आणि मामंजींनी मोठ्या विश्वासाने मुलाला बाजाराला धाडलं होतं. पण हे लढाईत लष्कराच्या लॉऱ्या हाकून आलेले. वाटेत कुठे तरी सरकारी मोडक्या जीपांचा लिलाव चालू दिसला आणि बैल राहिला बाजूला. संध्याकाळी धूर सोडत, फटाफट आवाज करत ते ध्यान अंगणात येऊन थांबलं तेव्हा कोंबड्या छपरावर चढल्या आणि मामंजींच्या हातातली विडी विझली.

"ह्याला जू कुठं बांधू?" एवढंच ते म्हणाले. मग कितीतरी दिवस मुलाशी बोलले नाहीत.

मी मात्र मनातून खूश होते, हे आता सांगायला हरकत नाही. माझं माहेर भिसेगावचं. कर्जत स्टेशनात घाट चढायला गाडीच्या मागे इंजिन लावतात, त्याची धडक ऐकत मी वाढले. यंत्राचा आवाज मला कधी परका वाटलाच नाही. लोधिवलीच्या अलीकडच्या ह्या गावात लग्न होऊन आले आणि पहिलं वर्षभर नुसती शांतता ऐकून कान दुखले.

आता शर्यतीचं सांगते. आमच्या गावाबाहेर एक लांबलचक माळ आहे. जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती तिथेच व्हायच्या. गाड्या चिंचेच्या झाडांपासून सुटायच्या आणि सरळ देवळापर्यंत पळायच्या. लढाईत तिथे लष्कराचा तळ पडला. त्यांनी रोलर फिरवून रस्ते केले, पाण्याचा मोठा हौद बांधला, फाटक उभारलं. लढाई संपली तसे ते निघून गेले आणि रस्ते गुरांना फिरायला राहिले. मग मुंबईच्या कुणा मोटारवेड्या मंडळींनी पुण्याला जाता-येता तो माळ हेरला. एक दिवस ते चुन्याच्या फक्कीच्या गोण्या घेऊन आले आणि जमिनीवर रेघा मारत सुटले.

त्यांची वाट अशी होती. मोडक्या फाटकापासून चिंचांच्या ओळीला लागून सरळ, मग हौदाला वळसा, मग तळाच्या जुन्या रस्त्यांवरून नागमोडी. तिथे लष्कराचा रस्ता संपायचा आणि भाताच्या खाचरांमधली आमची गाडीवाट सुरू व्हायची. ती आमच्या खळ्याला आणि गावदेवीच्या देवळाला घट्ट वळसा घालून, चढ चढून पुन्हा फाटकाशी. त्यातलं खळ्याचं वळण सगळ्यात वाईट. एका बाजूला देवळाचा आंबा, दुसऱ्या बाजूला बांधाखाली खाचर. मला ती सगळी वाट पाठ झाली होती, कारण हे रोज रात्री जेवताना ताटातल्या भातावर बोटाने काढून दाखवायचे.

जीपांची वेगळी शर्यत होणार होती. ह्यांनी नाव दिलं. मामंजींनी तेव्हा तोंड उघडलं, तेही सासूबाईंकडे बघून. "सांग त्याला. पयल्या तिघांत आला तर ऱ्हाऊ दे ती गाडी. नाय आला, तर इकायची आनि बैल आनायचा." हे लगेच "कबूल" म्हणाले.

आदल्या दिवशी सरावाला गाड्या आल्या. खळ्याच्या वळणावर घोटाभर फुफाटा, पुढची गाडी गेली की मागच्याला काही दिसेना. गळ्यात शिट्टी अडकवलेले एक साहेब होते, ते रुमाल नाकाला लावून म्हणाले, "ह्या धुळीचं काही करता येईल का हो?" सासूबाई जवळच होत्या. खळ्यावरची धूळ कशी बसवायची हे का त्यांना कुणी शिकवायला हवं! संध्याकाळी गावातल्या आम्ही सगळ्या बायका पाट्या घेऊन जमलो आणि अख्खं वळण शेणाने सारवून काढलं. वर दोन्ही कडेला रांगोळीची बोटं ओढली. पाहुणे येणार म्हटल्यावर एवढं तरी नको?

रात्री ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. "आता मोटारी भात मळायला येतायत म्हन!"

सकाळी माळावर ही गर्दी. पार चौक गावापासून लोक चालत आले होते. पहिलीच शर्यत जीपांची. शिट्टी झाली, झेंडा पडला आणि तो आवाज उठला! माझ्या पायांखालची जमीन थरथरत होती. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून मी खळ्याच्या कडेला उभी होते, आणि खरं सांगते, तो पदर कधी खांद्यावर आला ते मला कळलं नाही. सासूबाईंनाही कळलं नाही, कारण त्या माझा दंड धरून स्वतःच उड्या मारत होत्या.

धूळ मात्र औषधाला नव्हती. पण रात्री दव पडलेलं आणि आंब्याच्या सावलीत ऊन पोचलेलं नाही, त्यामुळे सारवण ओलंच. मुंबईची एक जीप आली ती तिरपी होऊन देवळाच्या पायरीला टेकली. हे जपून यायचे, वळणावर वेग तोडायचे आणि चढावर पुन्हा गाठायचे. एकेक जीप मागे टाकत शेवटच्या फेरीपर्यंत तिसरे झाले. मागे पुण्याची जीप अगदी खेटून होती. ह्या वेळी ह्यांनी वेग तोडला नाही. जीप घसरली, बांधावरून खाली गेली आणि खाचरात एका कुशीवर आडवी झाली.

मी बांधाच्या कडेला धावले. तेवढ्यात चाकाआडून ह्यांचं डोकं वर आलं.

आमच्या जत्रेत गाडी उलटली की बघत कुणी उभं राहत नाही. आपली असो की दुसऱ्या गावची, सगळे धावतात, गाडी सरळ करतात, बैल उठवतात आणि गाडी शर्यतीत पुढे जाते. त्यात विचार करायचं काही नसतंच. "उचला रं!" अशी आरोळी आली आणि बघते तर सगळ्यांच्या पुढे मामंजी. धोतर खोचलेलं, खांदा जीपच्या खाली. मागून सगळं गाव. मीही उतरले, माझाही हात त्या पत्र्याला लागला. हां हां म्हणता जीप चाकांवर उभी राहिली, लोकांनी ढकलत बांधावर चढवली आणि हे आत उडी मारून सुटले! पुण्याची जीपही ओल्या सारवणावर घसरून तोवर वळणावरच गरगरत होती. हे तिसरे आले. गावाने टोप्या उडवल्या, मी सासूबाईंना मिठी मारली.

मग शिट्टीवाले साहेब आले. त्यांचा चेहरा पडलेला होता. "फार वाईट वाटतं सांगायला," ते म्हणाले, "पण लोकांनी गाडीला हात लावला की गाडी बाद होते. नियम आहे."

"पोराची गाडी पडली, तर हात लावायचा नाय?" मामंजी पुढे झाले. "आमच्या जत्रंत गाडी पडल्यावर जो उभा ऱ्हातो ना, त्याला आमी बाद करतो."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी नियम सोडला नाही. पुण्याच्या जीपला तिसरा नंबर मिळाला. हे शेणामातीने भरलेले उभे होते. मला इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि राग नेमका कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

थोड्या वेळाने हेच म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय, बाबा. उद्या गिऱ्हाईक बघतो."

मामंजींनी जीपच्या पत्र्यावरून हात फिरवला. त्यांच्या खांद्याचं कातडं सोललं होतं.

"तू नाय हरलास," ते म्हणाले. "मी हात लावला. मी हरवला तुला." मग सासूबाईंना म्हणाले, "अवंदा माझ्या भावाचा बैल मागून घेऊ भाताच्या आवणीला."

आणि ते जीपवर चढून पुढच्या जागेवर बसले. टोपी काढून मांडीखाली दाबली. "सुनबाई, तू बी बस मागं. घरला जाऊ."

मी बसले. जीप सुरू झाली.

"सावकाश नेऊ ना?" ह्यांनी विचारलं.

"सावकास जायचं असतं तर चालत गेलो असतो," मामंजी म्हणाले. "मगाशी गेलास तसा ने."