वहिनींचे रिकामे दिवस

"काहून पळून राहिले, भाऊजी? डोंगर का कुठं जाऊन राहिला?"

हे वाक्य मी आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरांत किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. ते नेहमी पाठीमागून यायचं. वळून पाहिलं की वहिनी वाटेच्या मधोमध उभ्या, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं कानटोपी नीट करत. दम लागलाय म्हणून नव्हे, दम लागू नये म्हणून थांबलेल्या. अशा माणसाबरोबर तुम्ही कधी चालला असाल तर तुम्हाला माहीत असेल, पहिल्या तासात त्याचा राग येतो आणि चौथ्या तासात तो आपल्या पुढं निघून गेलेला असतो.

वहिनी डब्लिनजवळ ल्यूकनला आमच्या समोरच्या घरात राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ब्लँचर्डस्टाउनला माझ्याच कंपनीत होते. आम्ही एकाच गाडीनं जायचो. दादा म्हणजे कमालीचा शांत माणूस. सकाळी गाडीत बसताना "चला" म्हणायचे आणि पोचल्यावर "आलं". मधल्या ट्रॅफिकमध्ये जे काही बोलायचं ते मी बोलायचो.

वहिनी नागपुरात कॉलेजात भूगोल शिकवायच्या. इथं आल्या त्या डिपेंडंट म्हणून, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. या शब्दाचा त्यांना भारी संताप. "सरकारनं शिक्का मारून सांगितलं, की ही बाई दुसऱ्याच्या भरवशावर आहे," म्हणायच्या. मग त्या चालत सुटायच्या. ल्यूकनमध्ये कोणी चालत नाही, सगळे गाडीनं जातात. वहिनी मात्र दूध आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं, आपल्या त्या सावकाश चालीनं जायच्या. शेजारच्या आयरिश आजीबाई त्यांना गाडीतून लिफ्ट देऊ करून दमल्या.

एका रविवारी चहा पिताना त्यांनी आम्हाला त्यांची जुनी गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना त्या नागपूरच्या एका गिर्यारोहण क्लबाबरोबर हिमालयात गेल्या होत्या. सगळ्यांची सुट्टी तुटपुंजी, म्हणून म्होरक्यानं वाटेतले मुक्काम गाळले आणि सगळ्यांना भराभर वर नेलं. वहिनींना उंची बाधली. शुद्ध हरपायची वेळ आली. शेवटी एका हमालानं त्यांना पाठीवर घेतलं आणि तसंच खालच्या गावापर्यंत आणलं. घरी कळल्यावर वडिलांनी डोंगराचं नाव काढायचं नाही असं बजावलं, आणि पुढं लग्न, मुलगी, आयर्लंड.

"पोत्यासारखी उतरली मी," वहिनी म्हणाल्या. "मला एकदा माझ्या पायानं वर जायचं आहे आणि माझ्याच पायानं खाली यायचं आहे. बस. मग नाही म्हणणार काही."

दादांनी कपातून नजर वर केली नाही. पण सोमवारी गाडीत बसल्यावर ते "चला" म्हणालेच नाहीत. म्हणाले, "लडाखचं तिकीट केवढ्याला पडेल?" एवढं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

असं आमचं ठरलं. वहिनी, दादा, मी आणि माझी बायको स्मिता. शिखर ठरलं स्तोक कांगडी. लेहजवळचं, सहा हजार मीटरच्या थोडं वर, पण दोरखंडावर लोंबकळायची गरज नसलेलं. दमदार चालणाऱ्या नवशिक्याला जमतं, फक्त उंचीची सवय करत करत जावं लागतं. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल.

सराव सुरू झाला. रविवारी विकलो, आणि इतर दिवशी वहिनी घरातल्या जिन्यावर. पाठीवरच्या सॅकमध्ये कणकेची दहा किलोची पिशवी. वर जायचं, खाली यायचं, वर जायचं. जिन्याची खिडकी रस्त्यावर, त्यामुळे सगळ्या वसाहतीला हा सोहळा दिसायचा. त्यांची लेक शाळेतून आली की ओरडायची, "आई, आय अ‍ॅम मॉर्टिफाइड!" म्हणजे लाजेनं मेले. वहिनी वरूनच उत्तर द्यायच्या, "हो बाप्पा, हो मॉर्टिफाइड, पण आधी हातपाय धू." त्या पिशवीच्या पोळ्या आम्हीही खाल्ल्या आहेत, चांगल्या मऊ व्हायच्या.

सरावातच वहिनींनी एक कायदा केला. 'ग्रँड' हा शब्द बंद. आयर्लंडमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको. तिथं कोणालाही कसं आहे विचारलं की उत्तर एकच, ग्रँड, म्हणजे मस्त चाललंय. सर्दी झालेला ग्रँड, नोकरी गेलेला ग्रँड, पाय प्लास्टरमध्ये असलेलाही ग्रँड. चार-पाच वर्षांत ती सवय आम्हालाही लागली होती. त्यात आपली मराठी सवय, की दुसऱ्याला उगाच त्रास नको. दोन्ही एकत्र झाल्यावर माणसाला नक्की काय होतंय हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

"डोंगरावर मला कोणी ग्रँड म्हणालं, तर त्याला मी तिथूनच खाली पाठवीन," वहिनींनी सांगितलं.

मग प्रकृती कळायची कशी? तर रोज संध्याकाळी पाढे म्हणायचे. उंचीवर डोकं जड झालं की पहिली पाठांतरं निसटतात, असं त्यांचं म्हणणं. स्मिताला सतराचा, दादांना एकोणीसचा. मला एकोणीसचा समुद्रसपाटीलाही येत नव्हता, म्हणून तेराचा. वहिनी स्वतः परीक्षक.

आमचं भांडण झालं ते रिकाम्या दिवसांवरून. वहिनींनी आखलेल्या बेतात जागोजागी कोरे दिवस होते. लेहला पोचल्यावर कोरे, वाटेतल्या गावात कोरा, आणि शिखराच्या नंतर पुन्हा कोरे. मी प्रोजेक्ट मॅनेजर. बेतात रिकामा दिवस दिसला की तो खाऊन टाकायचा, हेच मला कंपनीनं शिकवलेलं. सुट्टी मिळवताना साहेबांपुढे माझी काय दशा झाली होती ते मलाच ठाऊक.

"वहिनी, या दिवशी आपण काय करायचं?"

"काही नाही."

"आणि या दिवशी?"

"त्याही दिवशी काही नाही. भाऊजी, शरीर काही तुमच्या कंपनीत नाही कामाला. त्याला त्याच्या वेळानं कळते."

शेवटी मी हरलो. वहिनींशी वाद घालून जिंकलेला माणूस ल्यूकनमध्ये नव्हता.

लेहला उतरल्यावर त्यांनी आम्हाला अक्षरशः लोळवलं. पाणी प्या, झोपा, बाजारापर्यंत जा, परत या, पुन्हा पाणी प्या. मग रुमबाक गावापर्यंत हळूहळू, तिथं पुन्हा मुक्काम. जवळच्या टेकाडावर चढायचं, वर बसून चिक्की खायची आणि झोपायला खाली यायचं. दुसऱ्या एका कंपूतली तरणीताठी पोरं आम्हाला ओलांडून टाळ्या पिटत गेली. दोन दिवसांनी त्यातली दोघं घोड्यावर बसून परत जाताना दिसली. मी काही बोललो नाही. वहिनीही बोलल्या नाहीत, हे मात्र मला फार आवडलं.

खिंड ओलांडून आम्ही बेस कॅम्पला पोचलो तोवर सगळे ठणठणीत होतो. निदान मला तसं वाटत होतं. त्या रात्री शिखरासाठी निघायचं होतं. जेवणाच्या तंबूत पाढे झाले, स्मिताचा, माझा, दादांचा. नोर्बू म्हणून आमचा वाटाड्या होता, तो रोज हा प्रकार बघून गालात हसायचा. आम्ही मेतकूट-भात खायला घेतला. वहिनींच्या ताटलीतला भात होता तसाच होता.

"वहिनी, बरं आहे ना?" स्मितानं विचारलं.

"हो ना. ग्रँड," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. बोलणार कोण? वयानं मोठ्या, मानानं मोठ्या, आणि ज्या गोष्टीसाठी त्या इतकी वर्षं झुरल्या ती आता डोळ्यांसमोर उभी.

दादांनी ताटली खाली ठेवली. "आता तू म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"एकोणीसचा."

वहिनी हसल्या. "अहो, परीक्षकाची परीक्षा असते का कधी?" पण दादा हसले नाहीत. तेव्हा त्यांनी सुरुवात केली. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक... आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. पुन्हा तिथंच थांबल्या.

"डोकं दुखतं?" दादांनी विचारलं.

"सकाळपासून," वहिनी म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या. "आत्ता नाही ना हो. आजच्या दिवस जाऊ द्या मला."

दादांच्या जागी मी असतो तर गोळी द्या, सकाळी बघू, असं काहीतरी गुळमुळीत बोललो असतो. दादा मात्र उठले आणि त्यांची जाकिटं शोधायला लागले. "आता उतरायचं," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर. तू चालू शकतेस, तोवर."

हे शेवटचं वाक्य वहिनींना बरोबर लागलं असावं. त्यांनी डोळे पुसले, बूट चढवले आणि नोर्बूच्या मदतनिसाबरोबर दोघं खालच्या मुक्कामाकडे निघाले. सावकाश, पण चालत. आम्ही ते वळणाआड जाईपर्यंत बघत होतो.

त्या रात्री स्मिता आणि मी नोर्बूबरोबर शिखरावर जाऊन आलो. त्याचं वर्णन मी करणार नाही. सकाळी वर उभं राहून सगळीकडे बर्फ दिसत होतं आणि आम्ही दोघं खालच्या दरीत त्यांचा तंबू दिसतोय का ते शोधत होतो. दिसणं शक्यच नव्हतं.

परत येऊन आम्ही पडून राहिलो. दुसरा दिवस काळजीत गेला. खालून निरोप नाही. तिसऱ्या दिवशी, ऊन कलताना, खालच्या वाटेवर मदतनिसाच्या मागून येणारी दोन माणसं दिसली. पुढचा बारीकसा माणूस मध्येच थांबत होता, कमरेवर हात ठेवून. मागचा त्याच्याबरोबर थांबत होता. स्मिता तर धावतच सुटली, आणि अर्थातच दहा पावलांत धापा टाकत खाली बसली.

वहिनींच्या तोंडावर रंग होता. खाली उतरल्याबरोबर डोकं थांबलं, मग त्या पोटभर जेवल्या आणि एक आख्खा दिवस झोपून काढला. नोर्बूनं त्यांना तंबूसमोर सरळ रेषेत चालायला लावलं, खोदून खोदून प्रश्न विचारले, मग मान डोलावली. दादांनी एकोणीसचा विचारला. वहिनींनी तो न अडखळता म्हटला, वरून मला तेराचा विचारला. बेतात शेवटचा कोरा दिवस शिल्लक होता. मी ज्याच्यासाठी भांडलो होतो तोच, फक्त उलट्या बाजूनं. वहिनी नोर्बूबरोबर रात्री निघाल्या. दादा गेले नाहीत. "तिचं ती जाईल," म्हणाले.

पुढच्या वर्षी दादांनी नागपुरातच नोकरी धरली. समोरच्या घरात आता एक पोलिश कुटुंब राहतं, त्यांचा कुत्रा फार भुंकतो. वहिनी पुन्हा कॉलेजात शिकवतात, दिवाळीला फोन येतो. पण मला त्यांची आठवण येते तेव्हा ल्यूकन आठवत नाही. बेस कॅम्पची ती दुपार आठवते.

सकाळपासून दादा एका दगडावर बसून होते. शेजारी थर्मास, समोर तो उघडाबोडका चढ. त्यांनी जेवण घेतलं नाही. मी दोनदा काहीतरी विषय काढून पाहिला, त्यांना ऐकूच गेलं नाही. वर ढग यायला लागले तेव्हा त्यांच्या पायाची टाच जमिनीवर आपटत होती, थांबतच नव्हती.

मग चढाच्या माथ्यावर नोर्बू दिसला. एकटाच. तो थांबला आणि त्यानं मागं वळून पाहिलं. मग त्याच्या मागून कानटोपी वर आली.

खाली पोचायला त्यांनी त्यांचा पूर्ण वेळ घेतला. नोर्बूनं एकदा हात पुढं केला, तो त्यांनी मानेनंच नाकारला. स्मिता रडत होती, मीही रडत होतो, आणि मला इतकं हायसं वाटत होतं की हसू आवरेना.

वहिनी सरळ दादांजवळ आल्या आणि त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. "वर जाऊन आली मी," त्या म्हणाल्या. "माझ्या पायानं." दादांनी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला. मग ते त्यांच्यासमोर मातीत बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, ती सुटेना.

"अहो, राहू द्या. मी काढते," वहिनी म्हणाल्या.

"नाही," दादा म्हणाले. खाली मान घालून. "एवढं मला करू दे."

वहिनींनी चहाचा घोट घेतला, आणि दुसरा पायही पुढं केला.