आबांच्या डोळ्यांचे थेंब

माझ्या ब्लॉगवरचे फोटो आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वस्तातल्या मोबाईलवर पटकन उघडावेत म्हणून मी प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या प्रती आपोआप काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. मोबाईलसाठी अगदीच बारीक प्रत ठेवली आणि स्वतःवरच खूश झाले. तिकडे इंदापुरात आबा नातीचा, माझ्या लेकीचा, चेहरा दोन बोटांनी मोठा करून बघायचे आणि तो पुसट व्हायचा. आपली नजर गेली असं समजून ते एकटेच एसटीनं बारामतीला डॉक्टरांकडं गेले, डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आले. आईकडून हे कळल्यावर मी मुकाट्यानं मोठ्या प्रती चढवल्या. लगेच आबांचा फोन आला.

"थेंबांनी गुण आला बघ. पोरीच्या गालावरचा तीळसुदिक दिसतुय."

एरवी जगाला अक्कल शिकवणारी मी, पण खरं सांगायला जीभ रेटली नाही. बाटली संपली की आबा अजूनही बारामती गाठतात.