फीडमध्ये आलेली देवधरकाकांची बातमी

नमस्कार. या सदरातल्या अनुभवांखाली ‘झोप नीट घ्या, सगळं बरं होईल’ अशा खवचट कॉमेंट्स टाकणारी बाई आहे ना, ती मीच. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, तेही सांगता येत नाही... पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी बिबवेवाडीत राहते. आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक संघ आहे आणि संघाची छोटीशी वेबसाइट – सहली, आरोग्य शिबिरं, श्रद्धांजली, सगळं तिथं येतं. सेक्रेटरी मंदाताई ती सांभाळतात. बाकीचे लोक व्हॉट्सॲपवर कुणी कळवेपर्यंत बसून राहतात. मी नाही! मुलीनं मला फोनवर फीड रीडर लावून दिलाय. हव्या त्या वेबसाइट्स त्यात एकदा घालायच्या, की कुठंही नवीन काही आलं तर मथळा आणि दोन ओळी आपोआप एका जागी येऊन पडतात. साइट उघडायचीसुद्धा गरज नाही. त्यामुळे प्रत्येक बातमी सगळ्यात आधी मला... याचा भारी तोरा होता मला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा घेताना फीडमध्ये मथळा आला – ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ओळी: ‘आपले हसतमुख सभासद श्री. देवधर यांचे आज राहत्या घरी निधन झाले. संघ एका दिलखुलास मित्राला मुकला आहे.’

देवधरकाका समोरच्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहायचे. मुलगा कॅनडात. मला खरंच भडभडून आलं. पण खोटं कशाला बोलू – रडायच्या आधी मी ते ग्रुपवर टाकलं. लिंक उघडूनही पाहिली नाही. मग कोपऱ्यावरून हार घेतला आणि धावत त्यांचं घर गाठलं.

दार काकांनीच उघडलं. एका गालावर दाढीचा फेस.

“या सुलभाताई. हार कुणाला?”

मी हार पाठीमागे लपवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी सांत्वन करत होतं.

“हो, मीच बोलतोय,” काका शांतपणे म्हणाले. “नाही, अजून नेलेलं नाही. दाढी व्हायचीय.”

मी तिथंच लिंक उघडली. ‘पान सापडले नाही.’ मंदाताईंनी शपथेवर सांगितलं की त्यांनी असं काही टाकलेलंच नाही. काका पोट धरून हसले, हार रेडिओला घातला आणि मला चहा पाजला. पण सोसायटी सोडते होय! लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, जिकडेतिकडे तेच – “काय सुलभाताई, आज कुणाचा नंबर?” मला तोंड दाखवायची चोरी झाली.

काही आठवडे गेले. आणि एका सकाळी पुन्हा तोच मथळा. त्याच दोन ओळी. या वेळी लिंक उघडली – साइटवर काहीच नाही.

मी तशीच उठले. गॅलरीत गेले. एरवी त्या वेळेला काकांचा रेडिओ खणखणीत चालू असतो, त्या दिवशी आवाज नव्हता. फोन घेतला, नंबर काढला... आणि काकांचा आवाज आधीच कानात घुमला – “काय हो, आज पुन्हा गेलो का?” मग परत सगळे हसणार. मी फोन ठेवून दिला. ती बातमी ‘वाचली’ म्हणून बाजूला सारली आणि पोह्यांना फोडणी टाकली. हो, पोहे केले मी. खाल्लेसुद्धा.

दुपारी कामाच्या मावशींनी बेल वाजवून वाजवून शेवटी माणसं गोळा केली, दार तोडलं. काका बाथरूममध्ये पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, पडले पहाटेच असतील, पण जीव गेला तो बऱ्याच उशिरा. सकाळी कुणी आलं असतं तर कदाचित...

पुढचं मी ऐकलंच नाही.

मुलगा आला कॅनडाहून. मी भेटायला गेले तर माझ्या पाया पडला. म्हणाला, “काकू, बाबा तो हाराचा किस्सा फोनवर हसून हसून सांगायचे. आणि म्हणायचे, तू काळजी करू नकोस रे, मला काही झालं तर धावत येणारं माणूस समोरच राहतं.”

मी मान हलवली. त्यानं दिलेला चहा प्यायले. एक शब्द बोलले नाही... दुसऱ्या बातमीबद्दल मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरच्यांनासुद्धा नाही. इथंच पहिल्यांदा लिहितेय.

पहिल्या वेळेबद्दल मुलगी म्हणाली होती, “आई, कुणीतरी टेस्ट पोस्ट टाकून उडवली असेल.” असेल बाई. पण दुसरी? नेमकी त्याच सकाळी? ते कुठून आलं, मलाच का आलं, काही काही कळत नाही. आणि खरं सांगू, शोधायची हिंमतही होत नाही. कुणीतरी मला मुद्दाम कळवत होतं असं निघालं तर मी काय करू? मी वाचलं होतं हो. अगदी वेळेवर वाचलं होतं.